बेवारस आणि पळवलेल्या शॉपिंग कार्ट : कॅलिफोर्नियातील कायदा आणि आपण करावयाची कार्यवाही

रस्त्याच्या कडेला, बसथांब्यामागे किंवा अपार्टमेंटच्या कचराकुंडीशेजारी दुकानाची शॉपिंग कार्ट उभी दिसली, की बहुतेक जण एक तर ‘नेईल कोणीतरी’ म्हणून पुढे जातात, नाही तर सिटीच्या नावाने बोटे मोडतात. कॅलिफोर्नियाच्या कायद्याप्रमाणे अशी कार्ट ही कचरा नसून कोणाची तरी मालमत्ता असते, आणि म्हणून ती उचलताना सिटीलाही, म्हणजे शहर प्रशासनालाही, मालकाला कळवण्याचे बंधन पाळावे लागते. ती कोणत्या जागेत उभी आहे, कशाला अडथळा करते आहे आणि तिच्यावर कोणती पाटी लावलेली आहे, यांवर पुढची कार्यवाही ठरते, आणि या तिन्हींत पाटीला मी सर्वाधिक महत्त्व देतो. पुढील माहिती कॅलिफोर्नियात राहणारे मराठी रहिवासी, एचओएच्या (घरमालकांच्या संघटनेच्या) समितीवर काम करणारे सभासद आणि किराणा दुकान चालवणारे मालक या तिघांना उपयोगी पडावी अशा बेताने लिहिली आहे.

कायदा नेमका कोठे आहे

या विषयावरील राज्याचे नियम बिझनेस अँड प्रोफेशन्स कोडमध्ये, म्हणजे व्यवसायविषयक कायद्यांच्या संहितेत, कलम 22435 पासून पुढे दिलेले आहेत. ग्राहकाने माल वाहून नेण्यासाठी दुकानात वापरायची चाकांवरची टोपली, अशी शॉपिंग कार्टची व्याख्या तेथे आहे आणि नाणी टाकून चालणाऱ्या लाँड्रीतील कपड्यांच्या गाड्याही त्याच नियमांखाली आणल्या आहेत. रस्त्यावरच्या कार्ट स्थानिक प्रशासनाने कशा उचलाव्यात, हा विषय संपूर्ण राज्याच्या चिंतेचा असून त्याचे नियमन केवळ कलम 22435.7 नुसार होईल, असे विधिमंडळाने त्या कलमातच म्हटले आहे. त्यामुळे सिटी कौन्सिलच्या सभेत उठून ‘आपल्या गावात दिसेल ती कार्ट त्याच दिवशी भंगारात काढा’ अशी मागणी करणाऱ्या नागरिकाला सिटीचा वकील शांतपणे नकार देतो, तेव्हा तो टाळाटाळ करत असतोच असे नाही. मुदती आणि दंडाची कमाल मर्यादा राज्याने बांधून दिलेली आहे. सिटीच्या हाती उरते ते दुकानांकडून प्रतिबंधाची व्यवस्था करून घेणे, म्हणजे कार्ट आवाराबाहेर जाऊ नयेत यासाठी आराखडा मागणे आणि त्याची तपासणी करणे. सान होजेसह अनेक शहरांनी असे स्थानिक अध्यादेश केलेले आहेत, आणि ते प्रत्येक शहरात वेगळे असल्याने आपल्या शहराच्या म्युनिसिपल कोडमध्ये (स्थानिक कायद्यांच्या संग्रहात) ते एकदा वाचून घ्यावेत.

आधी पाटी वाचावी

कार्टच्या दांड्यावर किंवा लहान मुलाला बसवण्याच्या घडीच्या आसनावर प्लास्टिकची एक पट्टी असते. तिच्यावरची अक्षरे इतकी बारीक असतात आणि उन्हाने बऱ्याचदा इतकी उडालेली असतात, की वर्षानुवर्षे तीच कार्ट ढकलणाऱ्या ग्राहकानेही ती कधी वाचलेली नसते. कलम 22435.1 नुसार या कायमस्वरूपी पाटीवर कार्टच्या मालकाची किंवा दुकानाची ओळख असावी लागते. कार्ट आवाराबाहेर नेण्याची परवानगी कशी घ्यावी हे लिहिलेले असावे लागते. परवानगीवाचून ती बाहेर नेणे किंवा जवळ बाळगणे हा राज्याच्या कायद्याचा भंग आहे अशी सूचना असावी लागते. आणि कार्ट परत करण्यासाठी चालू दूरध्वनी क्रमांक किंवा पत्ता दिलेला असावा लागतो.

ही पाटी असली तरच कलम 22435.2 मधील मनाया लागू होतात. त्यांत मालकाला तात्पुरते किंवा कायमचे वंचित ठेवण्याच्या हेतूने कार्ट आवाराबाहेर किंवा पार्किंग लॉटबाहेर नेणे, लेखी परवानगीवाचून ती बाहेर जवळ बाळगणे, दुसरीकडे नेऊन सोडून देणे, तिच्यात फेरफार करणे आणि तिचा अनुक्रमांक खरवडून टाकणे या गोष्टी येतात. ‘तात्पुरते’ हा शब्द येथे लक्षात ठेवावा, कारण ‘संध्याकाळी परत आणून ठेवणारच होतो’ हा बचाव त्या एका शब्दाने लंगडा पडतो. पाटीवाचूनच्या कार्टला हे संरक्षण नाही, आणि सिटीने उचलताना पाळायची कलम 22435.7 मधील प्रक्रियाही पाटी असलेल्या कार्टसाठीच सांगितलेली आहे. त्यामुळे कार्ट पळवल्या जातात म्हणून तक्रार करणाऱ्या दुकानदाराने इतर कशाहीपूर्वी आपल्या कार्टवरच्या पाट्या जागेवर आहेत आणि त्यांवरचा क्रमांक अजून चालू आहे, हे तपासावे.

कार्ट घरापर्यंत नेण्याचा मोह

महाराष्ट्रातल्या मॉलमध्ये किंवा डीमार्टमध्ये बिल तपासणारा रखवालदार दारात असतो आणि ट्रॉली फार तर पार्किंगपर्यंत जाते. सोसायटीच्या लिफ्टपर्यंत ती ढकलत नेण्याची सोय आणि सवय आपल्याकडे नाही. येथे मात्र दुकानाला कुंपण नसते, फुटपाथ सपाट असतो, गाडी अजून घेतलेली नसते आणि दहा किलो तांदळाची पिशवी हातात असते. नव्याने शिकायला आलेल्या विद्यार्थ्याकडून किंवा मुलांकडे सहा महिन्यांसाठी आलेल्या आईवडिलांकडून कार्ट घरी नेली जाते ती याच कारणाने, आणि त्यांत चोरीचा विचार क्वचितच असतो.

तरीही कायद्याच्या दृष्टीने हा मिस्डिमीनर, म्हणजे तुलनेने किरकोळ फौजदारी अपराध, ठरू शकतो, शिवाय चोरीचे सर्वसाधारण कायदे त्याखेरीज लागू राहतात. एका कार्टसाठी पोलीस खटला भरतील अशी शक्यता व्यवहारात कमी असते, हे मान्य करूनही व्हिसावर असलेल्या माणसाने हा धोका पत्करू नये असे माझे स्पष्ट मत आहे. नागरिकत्वाच्या अर्जात, म्हणजे एन-400 मध्ये, कधी अटक झाली होती का, कधी पोलिसांनी सायटेशन (अपराधाबद्दलची लेखी नोटीस) दिले होते का, असे प्रश्न असतात, आणि वीस मिनिटांच्या सोयीचे स्पष्टीकरण कित्येक वर्षांनंतर वकिलाला पैसे देऊन लिहून घेण्यात काहीच शहाणपण नाही.

पर्याय साधे आहेत. दोन चाकांची, घडी होणारी स्वतःची गाडी विकत घ्यावी. ती हार्डवेअरच्या दुकानात सहज मिळते आणि बसमध्ये घडी करून ठेवता येते. ज्येष्ठ नागरिकाला किंवा अपंग व्यक्तीला दुकानाचीच कार्ट घरापर्यंत न्यावी लागणार असेल, तर स्टोअर मॅनेजरकडून आधी लेखी परवानगी घ्यावी, कारण कायद्याला लेखीच परवानगी अपेक्षित आहे आणि काउंटरवरच्या मुलाने मान डोलावली याला परवानगी म्हणत नाहीत. कागदावर नाव, तारीख, कार्ट परत करण्याची वेळ आणि मॅनेजरची सही असली म्हणजे पुरे.

दिसलेल्या कार्टची तक्रार कशी करावी

सार्वजनिक रस्त्यावर, फुटपाथवर किंवा उद्यानात कार्ट दिसल्यास पहिला दूरध्वनी पाटीवरील क्रमांकावर करावा. हा सर्वांत जलद मार्ग आहे, कारण मोठ्या साखळी दुकानांनी कार्ट गोळा करून आणण्याचे काम बहुधा एखाद्या कंत्राटी संस्थेला दिलेले असते आणि तिचा ट्रक ठरलेल्या मार्गाने फिरत असतो. कॅलिफोर्निया शॉपिंग कार्ट रिट्रीव्हल कॉर्पोरेशन ही अशीच एक संस्था असून अनेक शहरांच्या संकेतस्थळांवर तिचा निःशुल्क क्रमांक दिलेला असतो. कार्टवर पाटी नसेल, क्रमांक बंद असेल किंवा वेगवेगळ्या दुकानांच्या अनेक कार्ट एकत्र पडल्या असतील, तर सिटीकडे जावे. सान होजे आणि सान फ्रान्सिस्कोसारख्या शहरांत नागरिकांच्या तक्रारींसाठी 311 ही सेवा आहे. लहान शहरांत कोड एन्फोर्समेंट (स्थानिक नियमांची अंमलबजावणी) किंवा पब्लिक वर्क्स (सार्वजनिक बांधकाम) विभागाकडे ऑनलाइन अर्ज भरावा लागतो.

तक्रारीचा मजकूर कसा असावा, याकडे फारसे लक्ष दिले जात नाही आणि तेथेच बहुतेक तक्रारी अडकतात. ‘आमच्या रस्त्यावर खूप कार्ट पडल्या आहेत, कृपया लक्ष द्यावे’ अशा अर्जावर कर्मचाऱ्याला काहीही करता येत नाही, कारण त्याला मालकाला कळवायचे असते आणि मालक कोण हे अर्जात नसते. त्याऐवजी असे लिहावे: अमुक रस्ता आणि तमुक रस्ता यांच्या चौकाच्या आग्नेय कोपऱ्यावर, बसथांब्याच्या बाकामागे, अमुक दुकानाच्या तीन कार्ट, दोन लोखंडी आणि एक लाल प्लास्टिकची, कालपासून त्याच जागी, त्यांपैकी एक फुटपाथच्या उतारावर असल्याने व्हीलचेअरला वाट नाही, तिन्ही रिकाम्या. सोबत दोन छायाचित्रे जोडावीत, एक पाटीचे जवळून आणि दुसरे आजूबाजूचा परिसर ओळखू येईल असे. तक्रारीचा क्रमांक मिळाला की तो जपून ठेवावा.

उतारावरची, सायकलच्या पट्ट्यातली किंवा अग्निशामक नळाला अडवणारी कार्ट असेल, तर ते पहिल्याच वाक्यात लिहावे. रुग्णवाहिका किंवा अग्निशमन दलासारख्या आपत्कालीन सेवांना अडथळा करणारी कार्ट सिटीला मालकाची वाट न पाहता ताबडतोब उचलता येते, असा स्पष्ट अपवाद कायद्यात आहे.

ओढ्यात किंवा नाल्यात पडलेली कार्ट हा वेगळा विषय आहे. सान होजेतील कोयोट क्रीक आणि ग्वाडलुपे नदीच्या पात्रातून स्वयंसेवक अशा कार्ट बाहेर काढतात, तेव्हा गाळाने भरलेली एक कार्ट ओढायला तीन-चार माणसे आणि दोर लागतो. अडकलेल्या कार्टच्या जाळीत फांद्या, प्लास्टिक आणि कपडे साचत जातात आणि पावसाळ्यात पाणी तेथे तुंबते. एकट्याने पात्रात उतरू नये. सांता क्लारा काउंटीतील बऱ्याच ओढ्यांची देखभाल व्हॅली वॉटर ही संस्था पाहते, तिला कळवावे. किंवा सप्टेंबरच्या तिसऱ्या शनिवारी राज्यभर होणाऱ्या किनारा-स्वच्छता दिवसाच्या स्थानिक गटाला ती जागा दाखवून द्यावी.

कार्टमध्ये कोणाचे सामान असेल तर

ब्लँकेट, पिशव्या, पाण्याच्या बाटल्या आणि वर ताडपत्री बांधलेली कार्ट फुटपाथवर दिसली, तर ती बेवारस आहे असे गृहीत धरू नये. कार्ट दुकानाची असली तरी तिच्यातील सामान बेघर माणसाचे आहे, आणि तो पाणी भरायला किंवा स्वच्छतागृहात गेलेला असू शकतो. लॉस एंजेलिस शहराविरुद्धच्या लाव्हान खटल्यात नवव्या सर्किटच्या, म्हणजे कॅलिफोर्नियासह पश्चिमेकडील राज्यांसाठीच्या, संघीय अपील न्यायालयाने 2012 मध्ये असा निर्णय दिला, की बेघर व्यक्तीने फुटपाथवर थोडा वेळ ठेवलेली मालमत्ता सूचना न देता उचलून नष्ट करण्याचा अधिकार शहराला नाही. तेव्हापासून कॅलिफोर्नियातील शहरे अशा सामानाच्या बाबतीत सावध असतात आणि त्यांची कार्यपद्धतीही रिकाम्या कार्टपेक्षा वेगळी असते.

म्हणून तक्रारीत ‘सामान आहे’ किंवा ‘रिकामी आहे’ हे लिहावे. सामान उतरवून ठेवून कार्ट दुकानात नेऊन देण्याचा उत्साह अजिबात दाखवू नये. त्यात त्या माणसाची औषधे आणि ओळखपत्रे हरवतात, आणि ती पुन्हा मिळवताना त्याचे महिनोन्महिने जातात. वाट अडत असेल, तर शहराच्या किंवा काउंटीच्या बेघरांसाठीच्या मदत पथकाला कळवणे अधिक उपयोगी ठरते.

एचओए आणि अपार्टमेंटचे आवार

खासगी आवारातील कार्ट सिटी सहसा उचलत नाही. तेथे जागेचा मालक, व्यवस्थापक किंवा एचओए यांनाच पुढाकार घ्यावा लागतो, आणि एचओएच्या सभांमध्ये या विषयावर जितका वेळ जातो त्याच्या दशांशात प्रश्न सुटू शकतो. प्रथम आवारातील कार्ट कोणकोणत्या दुकानांच्या आहेत याची नोंद दोन आठवडे ठेवावी; बहुतेक वेळा त्या एकाच जवळच्या दुकानाच्या असतात. त्या दुकानाच्या मॅनेजरला भेटून, ठरलेल्या दिवशी ट्रक आवारात येऊ देण्याचे मान्य करावे आणि फाटकाचा कोड कंत्राटदाराला द्यावा. कार्ट गोळा करून ठेवण्यासाठी कचराकुंडीजवळची एक जागा नेमावी, पण ती अग्निशमनाच्या लाल पट्ट्यात किंवा अपंगांच्या राखीव पार्किंगशेजारच्या रेषांकित जागेत नसावी.

दोन गोष्टी मात्र करू नयेत. आवारातील कार्ट ढकलत नेऊन रस्त्याच्या कडेला लावणे ही पहिली. त्यामुळे खासगी जागेतला त्रास सार्वजनिक अडथळा बनतो, आणि कार्ट दुसरीकडे नेऊन सोडण्याची मनाई आपल्यालाच येऊन चिकटू शकते. दुसरी म्हणजे कार्ट लाँड्रीच्या खोलीत ‘रहिवाशांच्या सोयीसाठी’ कायमची ठेवून घेणे. हा प्रकार फार सर्रास चालतो, तो सोयीचाही आहे, आणि लेखी परवानगीवाचून ताबा बाळगण्याच्या मनाईत नेमका बसतो. रहिवाशांना पार्किंगपासून घरापर्यंत सामान न्यायला गाडी हवी असेल, तर एचओएने स्वतःच्या दोन-तीन गाड्या विकत घेऊन त्यांवर आपले नाव रंगवावे. तो खर्च एका महिन्याच्या वादावादीपेक्षा स्वस्त पडतो.

सिटीने कार्ट उचलल्यास काय होते

जप्तीचे दोन मार्ग कायद्यात आहेत आणि आपली सिटी कोणता वापरते हे दुकानदाराने विचारून घ्यावे. पहिल्या मार्गात सिटी मालकाला किंवा त्याच्या प्रतिनिधीला कार्ट कोठे सापडली हे कळवते, आणि ही सूचना प्रत्यक्ष मिळाल्यापासून कामकाजाच्या तीन दिवसांत कार्ट नेली नाही, तरच ती उचलता येते. दुसऱ्या मार्गात सिटी कार्ट आधी उचलते आणि चोवीस तासांच्या आत मालकाला कळवते. त्यानंतर कामकाजाच्या तीन दिवसांत मालकाने ती सोडवून नेली, तर तिच्यासाठी कोणतेही शुल्क घेता येत नाही आणि ती घटना दंडाच्या हिशेबातही धरली जात नाही. रस्त्यावरून कार्ट लगेच हलते आणि तत्पर दुकानदाराला भुर्दंडही बसत नाही, म्हणून मला हा दुसरा मार्ग अधिक व्यवहार्य वाटतो.

जप्त केलेल्या कार्ट मालकाला सोयीच्या अशा ठिकाणी ठेवाव्या लागतात आणि ते ठिकाण कामकाजाच्या प्रत्येक दिवशी निदान सहा तास उघडे असावे लागते. सिटीला आपला प्रत्यक्ष झालेला खर्च वसूल करता येतो. सूचनेनंतर तीस दिवसांत कोणी कार्ट सोडवली नाही, तर ती विकता येते किंवा तिची अन्य विल्हेवाट लावता येते.

दंडाचा हिशेब अनेकांचा चुकतो, म्हणून तो उदाहरणाने पाहू. सहा महिन्यांच्या ठरलेल्या कालावधीत तीनपेक्षा जास्त वेळा मालक कार्ट नेण्यात कमी पडला, तर तीनच्या पुढील प्रत्येक घटनेसाठी कमाल 50 डॉलर दंड आहे, आणि एका दिवसात जप्त झालेल्या सगळ्या कार्ट मिळून एकच घटना धरली जाते. समजा, जानेवारी ते जून या काळात एका दुकानाच्या कार्ट पाच वेगवेगळ्या दिवशी जप्त झाल्या, त्यांपैकी एका मंगळवारी एकदम बारा, आणि त्यांतील एकही मुदतीत सोडवली गेली नाही. त्या बारांची घटना एकच. पहिल्या तीन घटनांना दंड नाही. चौथ्या आणि पाचव्या घटनेचे मिळून जास्तीत जास्त 100 डॉलर. मोठ्या साखळी दुकानाला या रकमेचे काहीच वाटणार नाही, आणि केवळ दंडाच्या भीतीने दुकाने सुधारतील अशी आशा नगरसेवकांनी बाळगू नये, हे यावरून उघड आहे. दुकानदाराला खरोखर झोंबतो तो जप्तीचा खर्च आणि नव्या कार्टची किंमत, कारण साधी लोखंडी कार्टही शंभर डॉलरच्या खाली क्वचितच मिळते.

इंग्लंडमध्ये याच प्रश्नाची मांडणी वेगळी आहे. तेथे 1990 च्या एन्व्हायर्नमेंटल प्रोटेक्शन ॲक्टचे कलम 99 आणि चौथे परिशिष्ट एखाद्या कौन्सिलने ठराव करून स्वीकारले, तरच ते त्या भागात लागू होते; जप्त ट्रॉली सहा आठवडे सांभाळावी लागते, आणि दुकानांशी ट्रॉली गोळा करण्याचा करार करण्याची तरतूद त्याच परिशिष्टात आहे. कॅलिफोर्नियातील शहरांनी त्या कराराच्या कल्पनेकडे अधिक लक्ष द्यावे असे वाटते.

किराणा दुकानदारांसाठी

भारतीय किराण्याची दुकाने बहुधा एखाद्या स्ट्रिप मॉलमध्ये (एका रांगेतल्या दुकानांच्या संकुलात) असतात आणि पार्किंग लॉट चार-पाच दुकानांत सामाईक असतो. त्यामुळे आपल्या कार्ट कोठपर्यंत जाऊ शकतात, याची हद्द भाडेकरारात किंवा प्रॉपर्टी मॅनेजरच्या पत्रात स्पष्ट करून घ्यावी. प्रत्येक कार्टला क्रमांक द्यावा आणि रात्री दुकान बंद करताना मोजणी करून वहीत लिहावी. वहीचा हा कंटाळवाणा रिवाज पुढे दोन ठिकाणी कामी येतो: सिटीने आराखडा मागितला तर, आणि पोलिसांत चोरीची तक्रार द्यायची झाली तर.

सिटीची सूचना कोणत्या क्रमांकावर किंवा कोणत्या ईमेलवर यावी, हे सिटीला लेखी कळवून ठेवावे. तीन दिवसांची मुदत प्रत्यक्ष सूचना मिळाल्यापासून धावते, म्हणून सूचना कॅश काउंटरवरच्या अर्धवेळ मुलाने घेतली आणि चिठ्ठी डब्याखाली राहिली, तरी मुदत थांबत नाही. सूचना आल्याची वेळ, कार्टचे ठिकाण आणि ती परत आणल्याची वेळ असे तीन रकाने वहीत जोडावेत.

कार्ट बाहेर जाऊ नयेत यासाठीच्या उपायांत चाक अडवणारे कुलूप सर्वांत परिणामकारक आहे. पार्किंग लॉटच्या कडेने डांबराखाली तार पुरलेली असते आणि तिच्यातून कमी वारंवारतेचा संदेश सतत वाहत असतो. कार्ट त्या रेषेवरून गेली, की पुढच्या एका चाकातील यंत्रणा चाक जाम करते आणि कर्मचाऱ्याने हातातील रिमोटने सोडवल्याशिवाय ते फिरत नाही. हद्द ग्राहकाला दिसावी म्हणून जमिनीवर रंगीत पट्टा आणि खांबावर सूचना लावतात. याचा प्रारंभिक खर्च मोठा असल्याने चाळीस-पन्नास कार्टच्या दुकानाने आधी स्वस्त उपाय करून पाहावेत. आल्डी या किराणा साखळीच्या दुकानांत कार्टला साखळीचे कुलूप असते आणि त्यात 25 सेंटचे नाणे घातल्यावर कार्ट सुटते व परत लावल्यावर नाणे मिळते. रोख पैसे जवळ न बाळगणाऱ्या ग्राहकांना ते त्रासदायक वाटते, पण पार्किंगमध्ये इतस्ततः पडणाऱ्या कार्ट त्याने खरोखर कमी होतात. घरी नेण्याचा निश्चय केलेल्या माणसाला मात्र पंचवीस सेंट अडवत नाहीत. कार्टच्या जाळीला उंच दांडा लावून ती दारातून बाहेरच जाणार नाही अशी व्यवस्थाही काही दुकाने करतात. जड खरेदी करणाऱ्या ग्राहकाला गाडीपर्यंत सोडायला माणूस ठेवावा लागतो, म्हणून शनिवारच्या गर्दीत ती टिकत नाही.

कार्ट परत आणण्याचे काम कोणाला देत असल्यास करार लेखीच करावा. हे काम व्यवसाय म्हणून करणाऱ्याने मालकाच्या लेखी अधिकारपत्राच्या नोंदी ठेवाव्यात, त्याची प्रत प्रत्येक वाहनात बाळगावी आणि वाहनावर आपल्या सेवेचे नाव दिसेल अशी पाटी लावावी, असे कायदा सांगतो. पिकअप ट्रकमध्ये कार्ट भरून ‘पाच डॉलरला एक’ म्हणून मागील दारी विकायला येणाऱ्या माणसाकडून आपल्याच कार्टही विकत घेऊ नयेत. आधी त्याच्या ट्रकवर नाव आहे का ते पाहावे आणि अधिकारपत्राची प्रत मागावी. ती नसल्यास वाहनाचा क्रमांक टिपून पोलिसांच्या बिगर-आपत्कालीन क्रमांकावर कळवावे, आणि आपल्या वहीतील कोणते अनुक्रमांक त्या ट्रकमध्ये दिसले तेही सांगावे.